सगळे म्हणतात पॉझिटिव्ह राहा, मला का जमत नाही?

दहावीची पूर्वपरीक्षा आटोपली की ठाणे, कळवा, ऐरोली या पट्ट्यातले शिक्षक माझ्याकडे समुपदेशनासाठी जास्त येऊ लागतात. काळजी बहुधा एकच असते. पूर्वी मी अशी नव्हते, आता शाळेत जायचं म्हटलं की पाय उचलत नाही. माझ्यातच काही बिघडलंय का?

ठाण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेतल्या बाईंचा अनुभव सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाई नववी-दहावीला गणित शिकवतात. आल्या तेव्हा कापडी पिशवीत गणित भाग 1 च्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. बसल्या बसल्या म्हणाल्या, “मॅडम, निम्मी मुलं नापास आहेत. मला आता शिकवताच येत नाही. घरीही कुणाकडे धड बघणं होत नाही. आणि शाळा तरी किती दिवस चालणार आहे आमची!”

या एका दमात वेगवेगळी दुखणी एकमेकांत मिसळली होती. बाईंना खचवणारं वाक्य मात्र एकच होतं: ‘मला शिकवताच येत नाही.’

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी आशावादावर जे काम केलं, ते अशा वेळी माझ्या फार उपयोगी पडतं. अपयश आलं की त्याचं कारण माणूस स्वतःला कसं सांगतो, हे ते पाहायला लावतात. हे आता असंच राहणार, हे सगळीकडे असंच आहे आणि हे माझ्यामुळेच झालं, अशी सांगायची सवय लागली की उमेद खचते. बाईंच्या त्या वाक्यात हे तिन्ही होतं. त्यावर ‘नाही हो, तुम्ही छान शिकवता’ असं म्हणून काही होत नाही. समोर पुरावा ठेवावा लागतो, आणि तो त्यांच्या पिशवीतच होता.

मुलांची नावं झाकून आम्ही पेपर चाळले. मार्क नेमके कुठे गेलेत ते बघा, एवढंच मी म्हटलं. दोन समीकरणं दिलेली होती तिथे नापास मुलांनीसुद्धा एक्स, वायच्या किमती बरोबर काढल्या होत्या. वडील आणि मुलाच्या वयाचं शाब्दिक उदाहरण आलं की खाली कोरं. एकाने तर उत्तराच्या जागी अख्खा प्रश्नच सुवाच्य अक्षरात उतरवून काढला होता. बाई त्या पानावर थांबल्या. म्हणाल्या, “याला सोडवता येतंय. वाचून कळत नाहीये.”

तिथून त्यांचा सूर बदलला. तासाच्या सुरुवातीला रोज एक शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचायचं, काय दिलंय आणि काय काढायचंय ते मुलांनी आपल्या शब्दांत सांगायचं, समीकरण मांडून थांबायचं, असं त्यांनीच ठरवलं. मराठीच्या सरांनाही त्यात ओढलं.

पण सगळा ताण विचारांतून येतो असं मी मुळीच मानत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या थकव्याची, नोंद कामाशी जोडलेली स्थिती म्हणून केली आहे, आजार म्हणून नाही. बाईंच्या आठवड्याची कामं कागदावर उतरवली तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर मोबाइलवर यू-डायस (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) आणि अपार आयडीची (विद्यार्थ्यांचा ओळख क्रमांक) माहिती भरणं त्यात होतं, रविवारी बीएलओ म्हणून, म्हणजे मतदार यादीच्या कामासाठी, इमारतीचे जिने चढणं होतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं सांगतं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका त्याला अपवाद आहेत. म्हणजे बीएलओचं काम सुटणार नव्हतं. ऑनलाइन माहितीचं वाटून घेता येणार होतं. मुख्याध्यापिकांशी हे रडू न येता कसं बोलायचं, याचा आम्ही सराव केला. ‘मला झेपत नाही’ म्हणण्याऐवजी ‘बोर्डाची परीक्षा होईपर्यंत हे दुसऱ्या कुणाकडे द्या’ एवढंच मागायचं. निम्मं काम दोन सहकाऱ्यांकडे गेलं. निम्मं राहिलं.

संचमान्यतेची, म्हणजे पटसंख्येनुसार शाळेतली शिक्षकांची पदं ठरवली जातात त्याची, भीती खरी होती. पट घटतोय, पद अतिरिक्त ठरू शकतं, समायोजनात शाळा बदलू शकते. ‘काही होणार नाही’ असं मी म्हटलं नाही. ज्येष्ठता यादीत आपला क्रमांक कितवा, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते पाहून आल्यावर रात्रीचं जागरण थोडं कमी झालं.

बोर्डाच्या परीक्षेआधी पुन्हा आल्या तेव्हा त्या प्रश्न उतरवणाऱ्या मुलाबद्दल म्हणाल्या, “आता समीकरण मांडतो. पास होईल का, सांगता येत नाही. पण मांडतो.” या बोलण्यालाच मी आशावाद म्हणते. यात खोटा दिलासा कुठेच नाही.

तुमचंही असं होत असेल तर त्या एका वाक्यापासून सुरुवात करा. ते कागदावर लिहा आणि एखाद्या सहकाऱ्याला दाखवा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि भूक उडाली असेल, रडू आवरत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नको असं वाटत असेल तर तेवढंही थांबू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.