टुरिंग कार निवडण्याआधी आपलं डांबर बघ

भावा, तुझा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. हाताशी ४० हजारांच्या आसपास रक्कम आहे. मोहिते अकॅडमीच्या ट्रॅकवर कार्टिंग केलंयस, त्यामुळे रेसिंग लाईन तुला नवी नाही. आता रिमोटवर चालणारी, १/१० मापाची टुरिंग कार (रस्त्यावरच्या रेसिंग गाडीचं छोटं मॉडेल) घेऊन चार-पाच मित्रांबरोबर नीट शर्यती लावायच्यात. पुण्यात कुणीतरी जुनी, कार्बन चेसिसची, बेल्टवर चालणारी गाडी विकतोय, आणि दुसरीकडे टामिया या जपानी कंपनीची नवी कोरी टीटी-०२ आहे. वर बऱ्याच जणांनी कार्बनवाली घ्यायला सांगितलंय.

माझं मत टीटी-०२ च्या बाजूने आहे. ते मी गाडीकडे बघून कमी आणि आपल्या कोल्हापूरच्या जमिनीकडे बघून जास्त देतोय.

कार्बन चेसिसच्या गाड्या ज्या ट्रॅकसाठी घडवल्या जातात, तिथलं डांबर बारीक खडीचं असतं, झाडून-पुसून ठेवलेलं असतं, नाहीतर हॉलमध्ये गालिचा अंथरलेला असतो. तिथे गाडीचं पोट जमिनीपासून ५ मिलिमीटरवर ठेवतात. आपल्याकडे मिळतं काय? कॉलेजचं पार्किंग, सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतल्या एखाद्या ओळखीच्या कारखान्याचं आवार, सोसायटीचा आतला रस्ता. खडी वर आलेली, सांध्यांवर उंचवटे, वर धुळीचा थर. फाउंड्री जवळ असेल तर काळी बारीक वाळू पण. अशा जागी ५ मिलिमीटरवर कार्बनची पाटी पहिल्या काही फेऱ्यांतच खरवडते, आणि कडा फुटल्या की थर सुटायला लागतात. मग गाडी ७-८ मिलिमीटरपर्यंत उचलावी लागते. तेवढी उचलली की ज्यासाठी पैसे मोजले तो फायदा बराचसा गेला.

त्यात बेल्ट उघडा. एक खडा बेल्ट आणि पुलीच्या मध्ये गेला की दात गेलेच. टीटी-०२ ला मधून एक शाफ्ट जातो आणि पुढे-मागे गिअर बंद डब्यात असतात. चेसिस प्लास्टिकची, टबासारखी. कठड्याला धडकली तर वाकून परत सरळ होते. हा गुण कॅटलॉगमध्ये ठळक छापत नाहीत, पण कोल्हापुरात त्याच्याइतकं मोलाचं काही नाही.

सुट्या भागांचंही बघ. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. बंद झालेल्या मॉडेलचा एक सस्पेन्शन आर्म बाहेरून मागवायचा तर आर्मपेक्षा कुरिअर आणि शुल्क जास्त होतं, वर वाट बघणं वेगळंच. टीटी-०२ २०१३ पासून बाजारात आहे आणि तिचे भाग देशातल्या हॉबी दुकानांतून मागवता येतात. शनिवारी आर्म तुटला तर पुढच्या रविवारी तू परत ट्रॅकवर असायला हवास. नवख्याची गाडी महिनाभर कपाटावर पडली की नाद सुटतो, हे मी आपल्याच ग्रुपमध्ये बघितलंय.

आता या गाडीच्या उणिवा. त्या आहेत, आणि त्या माहीत असूनच घ्यायची.

पहिली उणीव म्हणजे साध्या किटमध्ये बेअरिंगच्या जागी प्लास्टिकचे बुश येतात. आपल्या धुळीत ते लवकर झिजतात आणि चाकं डुगडुगायला लागतात. गाडी जोडतानाच बेअरिंग घाल, नंतर परत सगळं उघडत बसू नकोस. यासाठी ऑनलाइन 'अपग्रेड सेट'च्या मागे लागायची गरज नाही. उद्यमनगरात बेअरिंगच्या दुकानात जाऊन 'टामियाचं ११५०' म्हटलास तर समोरचा नुसता बघत राहील. 'एमआर ११५, ५ बाय ११ बाय ४' म्हण, लगेच कळेल त्याला. पत्र्याच्या झाकणाचं, म्हणजे झेडझेड, घेण्यापेक्षा रबर सीलचं, म्हणजे टू-आरएस मिळालं तर ते घे. किंचित जड फिरतं, पण धूळ आत जात नाही.

दुसरी उणीव डॅम्पर, म्हणजे चाकांचे धक्के शोषणारे शॉकॲब्सॉर्बर. साध्या किटमधले डॅम्पर नुसत्या घर्षणावर चालतात, त्यांत तेल नसतं. खडबडीत जमिनीवर मागचं चाक उड्या मारतं आणि वळणातून बाहेर पडताना गाडी सरळ धरत नाही. ऑइल डॅम्परचा संच हा तुझा दुसरा खर्च. तेल ३०० ते ४०० सीएसटीच्या (तेलाच्या दाटपणाचं माप) दरम्यान, आपल्या जमिनीला मी ३५० च्या आसपास धरतो. भरताना घाई करू नकोस. नळी काठोकाठ भर, दांडा सावकाश वर-खाली कर, बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत उभी ठेव, मगच झाकण लाव. चारही झाले की पुढची जोडी दोन हातांत शेजारी-शेजारी धर, दोन्ही दांडे एकदम आत दाब आणि सोड. दोन्ही एकाच वेगाने बाहेर आले पाहिजेत. एक मागे राहिला तर त्यात हवा आहे, परत उघड. ही जोडी बिनसलेली असेल तर गाडी डावीकडे एक वळते आणि उजवीकडे दुसरंच काहीतरी करते, आणि माणूस उगाच टायरला दोष देत बसतो.

तिसरी गोष्ट गिअरिंगची. इथे नीट लक्ष दे, कारण 'ब्रशलेस (ब्रश नसलेली, जास्त जोरकस मोटर) घाल, उडेल' असं सांगणारे हे सांगत नाहीत. टीटी-०२ चं आतलं गुणोत्तर २.६ आहे. किटमधला स्पर, म्हणजे मोठा गिअर, ७० दातांचा; पिनियन, म्हणजे मोटरवरचा लहान गिअर, २२ चा. ७० भागिले २२ गुणिले २.६, म्हणजे ८.२७. चाकाच्या एका फेऱ्यासाठी मोटर सव्वाआठ फेरे घेते. किटबरोबर येणाऱ्या साध्या ५४० मोटरला, ज्याला आपण सिल्व्हर कॅन म्हणतो, हे ठीक आहे. पण २१.५ टर्नची ब्रशलेस मोटर (टर्न म्हणजे तारेचे वेढे, जितके कमी तितकी मोटर वेगवान), ईएससीचं, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचं, टायमिंग शून्यावर ठेवून, नीट पळवायची तर गुणोत्तर ४ च्या आसपास लागतं. टीटी-०२ मध्ये ते टामियाच्या हाय-स्पीड गिअर सेटनेही होत नाही, दुसऱ्या कंपनीचा लहान स्पर शोधावा लागतो. बेल्टच्या गाडीत आतलं गुणोत्तर १.९ च्या आसपास असतं, तिथे ८४ चा स्पर आणि ४० चा पिनियन लावला की ३.९९ हाताशी. स्टॉक क्लासची, म्हणजे ठरलेल्या मोटरवर शर्यत लावणारी, मंडळी बेल्टकडे जातात त्याचं हे एक खरं, तांत्रिक कारण आहे. तुला कार्बन सुचवणाऱ्यांच्या बाजूने बोलायचं तर मी हेच बोलेन.

म्हणून सुरुवातीला सिल्व्हर कॅनच ठेव. वेग ताशी २५-३० किलोमीटरच्या आसपास राहील आणि तो ऐकायला कमी वाटेल. लहान पार्किंगमध्ये आखलेल्या ट्रॅकवर तो कमी नसतो. आणि तुम्ही पाचही जण तीच मोटर, तेच टायर, तीच गाडी घेऊन उतरलात तर शर्यत होईल. एकाने १३.५ ची मोटर घातली की सरळ रस्त्यावर तो पुढे, वळणात तुम्ही त्याच्या मागे अडकलेले, आणि महिन्याभरात सगळ्यांना १३.५ हवी. खर्चाची शर्यत तिथून सुरू होते. वर्षभर पळवल्यावर सगळे तयार झाले की मग सगळ्यांनी मिळून २१.५ वर जा. त्या वेळी एक्सप्रेस कंपनीची किंवा थ्री रेसिंगच्या सकुरासारखी मधल्या किमतीची गाडी बघायला हरकत नाही. तोवर तुम्ही एखादी बरी जागाही शोधलेली असेल.

उरलेले पैसे कशात घालायचे? सर्व्होत, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरीत. मेटल गिअरचा, सहा व्होल्टला ०.१० सेकंदाच्या आसपासचा सर्व्हो घे. स्टिअरिंगमधला ढिलेपणा ही टीटी-०२ ची ओळखीची तक्रार आहे, आणि त्यात कच्चा सर्व्हो असेल तर सरळ रस्त्यावरही गाडी सतत सावरत बसावी लागते. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा, ड्युअल रेट आणि एंड पॉइंट (चाकं किती वळावीत आणि कुठे थांबावीत) बदलता येतात असा पुरे. ईएससी लिपोचा (लिथियम-पॉलिमर बॅटरीचा) कटऑफ असलेलाच घे, म्हणजे बॅटरी फार उतरण्याआधी गाडी थांबते.

टायरवर मात्र कंजुषी नको. किटमधले टायर आपल्या धुळीत बर्फावर चालल्यासारखे वागतात. आधीच चिकटवून येणारे रबर स्लिक मिळतात, सोरेक्सच्या टायरवर २८, ३६ असे आकडे असतात. आकडा मोठा तसा टायर गरम जमिनीसाठी. एप्रिल-मेच्या दुपारी आपलं डांबर ५० अंशांच्या वर जातं, तेव्हा ३६. डिसेंबरच्या सकाळी तोच टायर दगड होतो, तेव्हा २८ बरा. दर फेरीनंतर ओल्या फडक्याने पुसायची सवय लाव. पाचही जणांनी एकच आकडा ठरवा आणि हंगामभर बदलू नका.

सेटअपमध्ये फार खोल शिरू नकोस. पुढे-मागे दीड अंशाच्या आसपास निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला), मागच्या चाकांना २ ते ३ अंश टो-इन (चाकाची पुढची कड आत वळलेली), एवढ्यावर बराच काळ निघतो. एक तपासणी मात्र प्रत्येक धडकेनंतर कर. गाडी सपाट काचेवर ठेव. उद्यमनगरात कुणाची मशिन शॉप असेल तर सरफेस प्लेटवर, त्याहून सपाट काही मिळणार नाही. चेसिसच्या पुढच्या कडेच्या बरोबर मध्यावर कटरचं टोक लावून हळू उचल. दोन्ही पुढची चाकं एकदम सुटली पाहिजेत. एक आधी सुटलं तर चेसिसला पीळ आहे. वरचे स्क्रू सैल कर, गाडी दाबून बसव, परत आळीपाळीने आवळ. निम्म्या वेळा 'गाडी उजवीकडे ओढते' ही तक्रार इथेच मिटते.

जागेबद्दल. सार्वजनिक रस्त्यावर अजिबात नको, रंकाळ्याच्या कडेला तर मुळीच नाही. दीड किलोची गाडी लहान पोराच्या घोट्यावर बसली तर हाड मोडेल. मालकाची परवानगी घेऊन बंद आवार धरा. सकाळी लवकर खराट्याने झाडा, आणि फक्त लाईन झाडून भागत नाही, बाहेरची धूळ चाकांबरोबर परत आत येते. कडा पाणी सोडायच्या जुन्या पाईपच्या करा, विटा ठेवू नका. गाडी हाकायला सगळ्यांनी उंचावर, एका रांगेत उभं राहायचं. ट्रॉली असेल तर उत्तम.

पकड वाढवायला परदेशातल्या पार्किंग-ट्रॅकवर साखरेचं पाणी फवारतात, हे ऐकलं असशील. खरं आहे. पाणी वाळलं की डांबर चिकट होतं. आपण साखरेच्या जिल्ह्यात राहतो, पंपही घरोघरी आहेत. पातळ द्रावण, फक्त लाईनवर, आदल्या संध्याकाळी. जास्त झालं तर टायरला खडी चिकटते आणि गाडी वळणात उलटायला लागते. मुंग्यांसाठी मालकाला आधीच सांगून ठेव, आणि नंतर धुऊन द्या.

जूनपासून बाहेरचं बंद. आपल्या पावसात सप्टेंबर संपेपर्यंत डांबराचा भरवसा नाही. पण चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात, मंगल कार्यालयं रिकामी असतात, मधल्या वारी भाड्याचं बोलता येतं. नुसत्या फरशीवर टुरिंग कार घसरते, म्हणून मंडपवाल्याकडून पातळ गालिचा घेऊन तो ताणून, सांधे टेपने बंद करून अंथरावा लागतो. त्याचे तंतू एक्सलला गुंडाळतात, दर शर्यतीनंतर चिमट्याने काढ. गालिच्यावर पकड एवढी वाढते की गाडी वळणात आडवी होते. पुढच्या टायरच्या बाहेरच्या भिंतीवर फेविक्विकचा पातळ थर दिला की ते थांबतं.

कार्टिंगचं किती कामाला येईल, असंही विचारलंयस. लाईन, आत सावकाश आणि बाहेर जोरात, ब्रेक कुठे सोडायचा, हे सगळं येईल. येणार नाही ते एकच: गाडी तुझ्याकडे तोंड करून येते तेव्हा डावं-उजवं उलटतं. त्याला विचार करून उपाय नाही. दोन पाईपचे तुकडे लांब-लांब ठेव आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत बस, आधी चालीच्या वेगाने. बोटं विचारायची थांबली की वेग वाढव. शर्यत ५ मिनिटांची ठेवा, आणि ज्याची शर्यत संपली त्याने पुढच्या शर्यतीला ट्रॅकवर उभं राहून उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

बॅटरी २एस (दोन सेलची) लिपो, ७.४ व्होल्ट, कडक आवरणाची. ती देशातल्या दुकानातूनच घे, लिथियम बॅटरी विमानाने पाठवण्यावर निर्बंध आहेत. बॅलन्स चार्जरवर (दोन्ही सेल सारखे भरणाऱ्या) ८.४ व्होल्टपर्यंत चार्ज, समोर बसून. पळवून झालं की प्रति सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेव. मे महिन्यात गाडीच्या डिकीत विसरू नकोस. फुगली तर तिचा विषय संपला, परत चार्जरला लावायची नाही.

तुम्ही जी जागा धरताय तिची लांबी-रुंदी मोज, आणि डांबराचा अगदी जवळून एक फोटो टाक. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेव, म्हणजे खडी केवढी आहे ते कळेल. टायर आणि ट्रॅकची आखणी त्यावरून सांगतो.