मी गे आहे, एमबीएनंतर पुण्यात पहिल्या नोकरीवर रुजू होतोय. ऑफिसात सांगावं का?

लगेच नको. आधी मेडिक्लेमचे नियम वाच. 'जोडीदार' म्हणजे फक्त पती-पत्नी, की समलिंगी जोडीदारही चालतो? जूनमधल्या, म्हणजे प्राइड महिन्यातल्या, इंद्रधनुषी पोस्टरपेक्षा यातून कंपनी जास्त कळते.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने संमतीचे समलैंगिक संबंध दंड संहितेच्या कलम ३७७ मधून वगळले, म्हणजे ते गुन्हा राहिले नाहीत, पण त्याने नोकरीला संरक्षण मिळालं नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा आहे: नोकरीत भेदभावाला मनाई, प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी. खासगी नोकरीतल्या गे-लेस्बियन लोकांसाठी असा स्पष्ट कायदा नाही, त्यामुळे सगळी भिस्त कंपनीच्या धोरणावर. ते लेखी आहे का, हे बघच.

मी सेल्समध्ये आहे. उघड त्रास क्वचितच झाला. थकवलं ते डब्याच्या वेळच्या "मग, लाडू कधी?"ने. चार वर्षं मी जोडीदाराला 'रूममेट' म्हणत होतो, आणि सुट्टीचे फोटो दाखवताना अर्धे गाळायचो. सेल्समध्ये बढती ओळखींवर चालते रे. स्वतःबद्दल काहीच न बोलणारा माणूस 'मिसळत नाही' असा शेरा अप्रेझलमध्ये येतो. मलाही आला.

शेवटी एका सहकारी ताईला सांगितलं. तिने नुसतं विचारलं, "त्याला पुरणपोळी आवडते का?" तूही असा एकच माणूस आधी शोध. बॉसला नंतर सांगता येईल.