चिकन आणलंस, आता ठेवायचं कुठे?

दुकानातून काळ्या पिशवीत मिळालेलं चिकन तसंच फ्रिजमध्ये कोंबू नकोस. ती पिशवी हमखास गळते, आणि ते गुलाबी पाणी खालच्या कोथिंबिरीवर पडलं की जुडी गेलीच. घट्ट झाकणाच्या डब्यात काढ, सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेव. नळाखाली धुऊही नकोस. शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर उडतात आणि जंतू मरतात ते शिजल्यावरच. (आईला हे पटणार नाही, वाद घालू नकोस.)

फ्रिज ४ अंशांच्या आत असेल तर कच्चं चिकन फार तर २ दिवस. दही, आलं-लसूण लावून मुरवलं म्हणून मुदत वाढत नाही. जास्त ठेवायचं तर एका वेळेपुरते वाटे करून, तारीख लिहून फ्रीझरमध्ये टाक. वापरायच्या आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये उतरव, ओट्यावर नाही.

शिजलेला रस्सा २ तासांत आत गेला पाहिजे, मे महिन्यात तासाभरातच. मोठं पातेलं मधे गरमच राहतं, म्हणून पसरट डब्यांत काढ. ३-४ दिवसांत संपव.

वीज गेली तर दार उघडून बघत बसू नकोस. बंद फ्रिज साधारण ४ तास थंडावा धरतो. त्यापुढे चिकन टाकून दे. वासावरून ठरवू नकोस.