घरात तीन मांजरं आहेत, आता जिन्यातली तीन वर्षांची मनी घरात घ्यायची आहे. मुंबईतल्या वन-बीएचकेत कसं जमवावं?

दाराचाच सगळा खेळ आहे. मनीला थेट हॉलमध्ये सोडू नका. आधी ल्युकेमिया आणि एफआयव्ही (मांजरांमध्ये एकीकडून दुसरीकडे पसरणारे दोन विषाणूजन्य आजार) यांची रक्ततपासणी, लस, जंतांचं औषध, नसबंदी. मग निदान आठ-दहा दिवस ती बेडरूममध्ये, दार बंद.

मांजरांची ओळख नाकानं होते. जुना मोजा मनीच्या गालांवर घासा (तिथे गंधग्रंथी असतात) आणि बाकीच्यांच्या ताटलीशेजारी ठेवा. आमचा काळू पहिल्या दिवशी त्या मोज्यावर फिस्कारला, पाचव्या दिवशी त्यावरच डोकं टेकून झोपला. मग दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण. काटे काढलेला, बिनमिठाचा उकडलेला बांगडा असेल तर भांडण विसरतात.

त्यानंतर रोज पाच-दहा मिनिटं समोरासमोर. फिसफिस चालायचीच. एकटक रोखून बघायला लागले की मध्ये उशी धरा, हात नाही. मी घातला होता, वळ अजून आहे.

चार मांजरांना लिटर बॉक्स (शी-शूचे ट्रे) खरं तर पाच हवेत. इथे ठेवणार कुठे! निदान तीन तरी, वेगवेगळ्या कोपऱ्यांत, आणि दिवसातून दोनदा साफ. खिडकीच्या ग्रिलला जाळीही आधीच ठोकून घ्या, घाबरलेली मांजर तिकडेच धावते.