बुकमार्क, वाचनखूण की खूणपट्टी?

प्रश्न असा आलाय की वही आणि पुस्तक दोन्हीला चालेल असा एकच बुकमार्क हवाय, म्हणजे पान लक्षात राहील, पेन अडकवता येईल आणि वेळ पडली तर रेघही मारता येईल, तर अशा वस्तूला मराठीत 'बहुपयोगी वाचनखूण' म्हणायचं का?

आधी 'बहुपयोगी'चा निकाल लावू. बहु + उपयोगी, दोन ऱ्हस्व उ एकत्र आले की दीर्घ ऊ होतो, म्हणून बहूपयोगी. संधी नको असेल तर सरळ 'बहुउपयोगी' लिहा, वाचायलाही सोपं जातं. 'बहुपयोगी'त मात्र एक उ कुठेतरी गळून पडलाय. (बहूद्देशीयचंही तेच, छापलेलं दिसलं की डोळ्याला चूक वाटते पण ती चूक नाही.)

आता वाचनखूण. शब्द झकास आहे, ब्राउझरमधल्या बुकमार्कसाठीही बरेच जण तोच वापरतात आणि मीही वापरते. पण तुमच्या प्रश्नात वही आली आणि तिथेच हा शब्द लंगडा पडतो, कारण वहीत आपण वाचत नाही, लिहितो. पुस्तकातली खूण सांगते 'इथवर वाचून झालंय', वहीतली सांगते 'इथून पुढे कोरं आहे'. दोन्हीला पुरणारा शब्द हवा तर मी 'पानखूण' म्हणेन, खूण शेवटी पानाचीच असते, त्या पानावर तुम्ही काय करता याच्याशी तिला घेणंदेणं नाही.

पण खरी गोम पुढे आहे. 'खूण' म्हणजे वस्तू नव्हेच. पुस्तकात तिकीट खुपसा, दोरा ठेवा, बिल ठेवा, खूण झाली. म्हणून क्रियापद जपून वापरावं लागतं. 'मी त्या पानावर खूण केली' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं पेन्सिलीने फुली मारली असेल, आणि 'खूण ठेवली' म्हटलं की काहीतरी आत सरकवलंय हे कळतं. समोरच्याला डोळ्यांनी खूण करतात, खूण पटते ती ओळखीची, आणि मनाशी बांधतो ती खूणगाठ. ही खूणगाठ मला सगळ्यात आवडते, विसरू नये म्हणून कपड्याच्या टोकाला मारलेली गाठ, म्हणजे डोक्याचा बुकमार्कच की!

तुम्हाला नाव हवंय ते हातात धरायच्या वस्तूला, आणि त्या वस्तूचं दुसरं काम रेघ मारणं. रेघ मारायच्या वस्तूला आपण पट्टीच म्हणतो. मग खूणपट्टी! फूटपट्टी, मोजपट्टीच्या ओळीत आरामात बसते. (फूटपट्टी सहा इंचाची असली तरी आपण तिला फूटपट्टीच म्हणतो, तेव्हा फार काटेकोर व्हायची गरज नाही.) एकच अडचण, पट्टी हा शब्द नको तिथे जाऊन बसलाय, जखमेवर असतो, पेटीवर असतो, आणि घरपट्टी-पाणीपट्टीमुळे 'खूणपट्टी' ऐकून कुणाला नवीन कर आला की काय असं वाटू शकतं. दोन दिवस वापरा, सवय होईल.

माझी खूणपट्टी पुठ्ठ्याच्या खोक्याची आहे. खोकं जाड नको, साबणाच्या वडीला असतं तसं पातळ, नाहीतर पुस्तक मिटलं की तिथेच फट राहते आणि हळूहळू बांधणी ढिली होते. साधारण पंधरा सेंटीमीटर लांब, तीन-चार रुंद कापली, एका कडेला फूटपट्टी धरून सेंटीमीटरच्या रेघा उतरवून घेतल्या, वरच्या टोकाजवळ ब्लेडने आडवी चीर दिली. पेनाची क्लिप त्या चिरेत जाते आणि पेन पानाच्या बाहेर लटकतं, आत नाही, आत ठेवलं तर पानांवर पन्हळ उमटते. खाली भोक पाडून दोरा. बारीक टाइप वाचताना तीच ओळीखाली धरते, कोष्टक वाचताना तर हमखास. यू-पिन मात्र लावू नका, गंजते आणि पानावर तांबूस डाग सोडते. वहीसाठी आणखी सोपं म्हणजे लिहून झालेली सगळी पानं मुखपृष्ठासकट एका रबरबँडमधे घालायची, वही उघडली की थेट कोरं पान.

चिकटचिठ्ठ्या (म्हणजे स्टिकी नोट्स) वापरणाऱ्यांसाठी गंमत म्हणजे त्यांचा जन्मही बुकमार्कच्या गरजेतूनच झालाय. थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हरने १९६८ मधे एक कमी चिकटणारा गोंद बनवला, त्याचं काय करायचं हे कुणाला सुचेना. पुढे १९७४ मधे त्याचा सहकारी आर्ट फ्राय चर्चमधल्या गाण्याच्या पुस्तकातून खुणेचे कपटे सारखे खाली पडतात म्हणून वैतागला होता, त्याला तो गोंद आठवला.

आणि ज्यांच्याकडे काहीच नसतं ते पानाचा कोपरा... दुमडतात की मुडपतात? मी मुडपतात म्हणेन. दुमडणं म्हणजे सरळ दुहेरी घडी, चादरीसारखी, आणि मुडपणं म्हणजे कड किंवा टोक आत वळवणं. इंग्रजीत त्याला कुत्र्याचा कान म्हणतात. लायब्ररीच्या पुस्तकाला कान फुटलेले पाहिले की माझं डोकं फिरतं ते वेगळं.

जाता जाता लेखनाचं, कारण प्रश्नात तुम्ही 'वाचनखूणा' लिहिलंय. एकवचन वाचनखूण, अनेकवचन वाचनखुणा, पाऊलखूण-पाऊलखुणासारखं, शेवटून दुसरा ऊ प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो. खूणपट्टीत तो तसा शेवटून दुसरा नाही, म्हणून खूणपट्ट्या, खूणपट्टीला, सगळीकडे खू दीर्घच.