प्लेट टाकू नकोस

प्रिय पोरी,

रविवारी आलीस, पोहे अर्धे टाकून उठलीस आणि निघताना मोबाइलवर जिवाणू वाढवलेल्या त्या प्लेटचा फोटो दाखवलास. ‘मॅडम, कंटॅमिनेशनच असणार, बाहेरचे जंतू शिरले असतील,’ म्हणालीस. तेव्हा मी गप्प बसले, कारण तोंड उघडलं असतं तर रागावले असते. आता चार दिवसांनी राग जरा निवला आहे.

मला कळलं ते असं. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा, एक जनुक बिघडलेला म्युटंट थंडीत वाढत नव्हता, प्लाझ्मिडवरून, म्हणजे डीएनएच्या छोट्या कड्यावरून, ते जनुक दिलंस आणि तो सावरला. मग शहाण्यासारखा कंट्रोल केलास: त्याच जनुकात अगदी सुरुवातीला ‘इथे थांब’ सांगणारा स्टॉप कोडॉन घातलास, म्हणजे प्रथिन बनायलाच नको. तरीही तो सावरला. फेलोशिपचं शेवटचं वर्ष, गाइड म्हणतात सोडून दे, आणि तू प्लेटा ऑटोक्लेव्हच्या पिशवीत, म्हणजे कचऱ्यात, घालायला निघालीस.

प्लेट टाकू नकोस.

क्लोन पुन्हा सिक्वेन्स कर, ताज्या पेशींत घाल, रिकामं प्लाझ्मिड शेजारी ठेव. हे मी तुला सांगायला नको. पण एवढं करूनही उत्तर तेच आलं, तर कंट्रोल फसलेला नाही. काम प्रथिन करत नाही, असं तो तुला स्वच्छ सांगतोय. प्लाझ्मिडमध्ये डीएनएचा तुकडा ऐसपैस घेतलायस, जनुकाच्या शेजारचा भागही सोबत आलाय. तिथे कोण बसलंय ते बघितलंस?

सुझन गॉट्समन यांच्या प्रयोगशाळेत आरसीएसए या जनुकावर काम चाललं होतं. जिवाणूभोवतीचं चिकट कवच बनवायला हे जनुक लागतं. त्याच्या शेजारच्या तुकड्याच्या प्रती वाढवल्या तरी कवच वाढायचं, आणि त्या तुकड्यात प्रथिनाचं जनुक नव्हतंच. होता तो जेमतेम ८७ अक्षरांचा आरएनए. १९९५ साली तो छापून आला, नाव डीएसआरए. म्हणजे नावातसुद्धा ‘आरसीएसएच्या पुढचा’ एवढंच. पुढे कळलं, की थंडीत आरपीओएस या जनुकाचा संदेशवाहक आरएनए स्वतःवरच दुमडून बसतो, आणि डीएसआरए त्याला चिकटून ती घडी उलगडतो, मग प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमला जागा मिळते. या जोड्या जुळवणारं एचएफक्यू हे प्रथिन तर १९६८ पासून माहीत होतं, पण एका विषाणूच्या प्रती काढायला लागणारं म्हणून! शेजारच्या तुकड्याकडे दुर्लक्ष केलं असतं तर?

आता माझं ऐक. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही.

१९८३ साल. ट्रॉम्बेहून पी-३२, म्हणजे किरणोत्सारी फॉस्फरस, यायचं, त्याचं अर्धायुष्य १४ दिवस, त्यामुळे डबी आली की आम्ही जेवणखाण विसरायचो. आरएनए लांबीनुसार वेगळे करणाऱ्या माझ्या जेलवर तळाकडे, ५एस या नेहमीच्या छोट्या आरएनएच्या किंचित वर, एक बँड, म्हणजे पट्टा, यायचा. रात्रभर वाढवलेल्या, वाढ थांबलेल्या पेशींत तो जास्त गडद दिसायचा. माझे गाइड म्हणाले, तुटका आरएनए आहे, तुझा हात अजून बसलेला नाही. मी काय केलं? पुढच्या वेळी जेल जास्त वेळ चालवली. बँड खालून बफरमध्ये उतरला, चित्र सुंदर आलं, तेच प्रबंधात लागलं.

६एस नावाचा छोटा आरएनए १९६७ मध्येच लोकांना दिसला होता. तो करतो काय, हे कळायला २००० साल उजाडलं: वाढ थांबलेल्या पेशींत तो साठतो आणि जनुकं वाचणाऱ्या आरएनए पॉलिमरेजला बिलगून बसतो. माझा बँड तोच होता का? सांगता येत नाही. सांगता येण्यासारखं मी काही ठेवलंच नाही. सगळेच तेव्हा तळाचं सोडून द्यायचे, आरएनए ओळखणारे प्रोब महाग, सिक्वेन्सिंग हाताने, मी तेवीस वर्षांची. ही सगळी कारणं खरी आहेत. पण जेल लांब चालवायला मला कुणी सांगितलं नव्हतं, ते माझं मीच ठरवलं.

तेव्हापासून मी कुणाला काही टाकू देत नाही. याची प्रयोगशाळेत फार थट्टा व्हायची, माझ्या फ्रिजवर मुलांनी ‘पुराणवस्तू संग्रहालय’ अशी चिठ्ठी लावली होती. लावू देत. ‘आतड्यातल्या जंतूवर अख्खं आयुष्य घालवलंत?’ असं नातेवाईक अजून विचारतात. हो, घालवलं. त्याचा जीनोम १९९७ पासून आपल्यासमोर उघडा आहे, सेहेचाळीस लाख अक्षरं, आणि तरी २००१ मध्ये तीन गटांनी त्याच अक्षरांमधून डझनांनी नवे छोटे आरएनए काढले. आधी ती जागा ‘दोन जनुकांमधली रिकामी’ होती.

तुझे गाइड वाईट नाहीत, त्यांना प्रबंध वेळेत हवाय. त्यांच्याकडून सहा आठवडे मागून घे. ‘मला वाटतं’ म्हणत जाऊ नकोस, प्लेट घेऊन जा. आरएनए शोधायला नॉर्दर्न करशील तर एक टक्का अ‍ॅगरोजवर नको, आठ टक्क्यांची युरिया-अ‍ॅक्रिलामाइड जेल घे, आणि निळा रंग तळाला पोचायच्या आत बंद कर. घड्याळ लावून चहाला जाऊ नकोस, तिथेच उभी राहा. शेजारच्या तुकड्याचा एकेक भाग कापून बघ, सावरणं कुठे थांबतं. प्रोब दोन्ही धाग्यांसाठी मागव, कुठल्या दिशेने वाचलं जातंय ते तुला अजून माहीत नाही.

काही निघालं नाही तर? तर माझ्याकडे ये, भांड माझ्याशी. मग फेकून दे, मी अडवणार नाही.

तुझी,
मॅडम

ता.क. त्या वसाहतींचा गोठवून ठेवायचा ग्लिसरॉल स्टॉक केलायस का? नुसत्या फ्रिजमध्ये प्लेट महिनाभरात सुकून जाते. हे पत्र वाचून झालं की आधी ते कर, आणि दोन नळ्या कर, एक दुसऱ्या फ्रीझरमध्ये ठेव.