शेजारचा मुलगा गाडीचोरीत सापडला आणि तिसऱ्या दिवशी घरी आला. अशी मुलं सुधारतात का?

तुम्ही लिहिलंय की शेजारचा 16 वर्षांचा मुलगा दुचाकी चोरताना सापडला आणि तिसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशा थाटात गल्लीत फिरत होता. कायदा अशा पोरांना पाठीशी घालतो का, ती कधी सुधारतात का, असा तुमचा प्रश्न. त्या कुटुंबाला खोली खाली करायला सांगायचं चाळीत चाललंय, हेही तुम्ही जाता जाता लिहिलंय. त्याकडे शेवटी येते.

मी एका जिल्ह्यात विधी तथा परिवीक्षा अधिकारी म्हणून सहा वर्षं काम केलं. परिवीक्षा म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या मुलाला कोंडून न ठेवता देखरेखीखाली घरी राहू देणं. पदनाम भारदस्त, नोकरी कंत्राटी. कायद्याच्या भाषेत ही मुलं ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, आणि लोकांच्या भाषेत रिमांड होमची पोरं.

आधी त्या तीन दिवसांचं बघू. तो सुटलेला नाही, जामिनावर आहे. अठराच्या आतल्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. मंडळ म्हणजे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते. 2015च्या बाल न्याय कायद्यानुसार तिथे जामीन हाच नियम आहे. बाहेर गेल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या हाती लागेल, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल, असं दिसलं तरच जामीन नाकारायचा. सोळा ते अठरातल्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला, तर त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवावा का हे तपासायची तरतूद याच कायद्यात आहे. दुचाकीची चोरी त्यात बसत नाही.

पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाने गाडीखाली दोघांना उडवलं आणि मंडळाने त्याला निबंध लिहायला सांगितला, तो 300 शब्दांचा निबंध सगळ्यांच्या डोक्यात बसलाय. 2024च्या मे महिन्यातली ती शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. दोन जीव गेलेले असताना अशी अट घालणं हास्यास्पद होतं, असं माझंही मत आहे. पण त्यानंतर वर्षभर माझ्यासमोर बसलेले आईबाप काकुळतीने विचारायचे, “मॅडम, निबंध किती पानी लिहायचा?”

आता सुधारण्याचं. 2022मध्ये देशभरात अल्पवयीनांविरुद्ध 30,555 प्रकरणं नोंदली गेली. पकडलेल्यांपैकी साधारण 79 टक्के मुलं सोळा ते अठरा वयोगटातली होती. ‘अनाथ, रस्त्यावरची पोरं’ अशी आपली समजूत असते, पण बहुतेक मुलं आईबापाजवळ राहणारी असतात. मग घरात असून हातची जातात कशी?

परिवीक्षा अधिकाऱ्याने 15 दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. त्यासाठी गृहभेट. छापील नमुन्यात शिक्षण, व्यसन, मित्र, घरची शिस्त असे भरपूर रकाने असतात. एक प्रश्न त्यात नाही, तो मी माझा मी विचारायला लागले: हा झोपतो कुठे?

एका मुलाने चार गाड्या उचलल्या होत्या. हँडल लॉक तोडायचं, पेट्रोल संपेपर्यंत फिरवायची आणि रस्त्याच्या कडेला सोडून द्यायची. विकली एकही नव्हती. पोलिसांना हे पटेना, कारण चोरी म्हटलं की गिऱ्हाईक हवं. मी घरी गेले. दहा बाय बाराची एकच खोली. आई धुणीभांडी करणारी, बाप भाजी मार्केटात हमाल. मोठ्या भावाचं नुकतंच लग्न झालेलं. नव्या जोडप्याला खोली सोडून बाप बाहेर ओट्यावर झोपायचा, आई शेजारणीकडे आणि हा गणपती मंडळाच्या शेडमध्ये. त्याला कुणी हाकललं नव्हतं. वहिनी आली, एवढंच. शेडमध्ये रात्री जी पोरं असायची, त्यांच्यात पाच महिने काढल्यावर त्याला लॉक तोडता यायला लागलं. या वयात मित्र बघत असले की धोका पत्करायची खुमखुमी वाढते. एकट्याने त्याने गाडीला हातही लावला नसता.

आईला मी विचारलं तेव्हा ती आधी रागावली. मग म्हणाली, “जागा कुठंय ताई, दाखवा की.”

बाल न्याय मंडळाने त्याला परिवीक्षेवर सोडलं. त्याची आत्या त्याच गावात राहायची. तिला तयार करायला मला तीन चकरा माराव्या लागल्या. रात्री तिच्याकडे जेवायचं आणि झोपायचं, एवढीच खरी व्यवस्था. समुपदेशनही झालं, पण सगळं श्रेय मी त्याला देणार नाही. दहावीला 17 नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरला, गणितात दोनदा आपटला, तिसऱ्यांदा सुटला. आता फ्लेक्स छापणाऱ्याकडे कामाला आहे. ‘सुधारला’ म्हणायला माझी जीभ वळत नाही, कारण तो मुळात बिघडलेला होता असं मला वाटत नाही. पुन्हा गाडी उचलली नाही, एवढं खरं.

दुसरा मुलगा माझ्या हातून गेला. कोयता घेऊन स्टेटस ठेवलेला. कोयता त्याचा नव्हता, वस्तीतल्या मोठ्यांनी त्याच्याकडे ठेवायला दिला होता. “तू अठराच्या आतला, तुला काय होत नाय,” हे त्यांनी त्याला शिकवलं होतं. मुलांना असं गुन्ह्यात वापरणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड, हे त्याच कायद्यात आहे. ते कलम लागलेलं मी सहा वर्षांत एकदाही पाहिलं नाही. पोरगा निरीक्षणगृहात, म्हणजे लोक ज्याला रिमांड होम म्हणतात तिथे गेला. तिथे त्याची जिल्ह्यातल्या बाकीच्या टोळ्यांशी ओळख झाली, आणि बाहेर आला तो जास्त वजनदार होऊन. त्याच्या घरी मी एकदाच गेले होते, चाळीस मिनिटं. त्या महिन्यात साठच्या वर फायली होत्या. अठरा पूर्ण झाल्यावर तो मोठ्यांच्या तुरुंगात गेला.

म्हणून ‘आत टाका म्हणजे अद्दल घडेल’ असं कुणी म्हटलं की मला तो आठवतो.

तुमच्या चाळीतल्या मुलाचा फोटो ग्रुपवर फिरत असेल तर आधी काढायला सांगा. अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. दुसरं, माझ्यासारखं कुणीतरी चौकशीला येईल आणि शेजारी म्हणून तुम्हालाही विचारेल. ‘वाया गेलेलं पोरगं आहे’ एवढ्यावर भागवू नका. किती वाजता घरी येतो, रात्री कुणाबरोबर बसतो, त्याला गाडी शिकवली कुणी, हे तुम्हाला माहीत असणार. तेच सांगा.

आणि खोलीचं. बाल न्याय मंडळाच्या चौकशीला कायद्याने चार महिने दिलेत, फार तर आणखी दोन. तेवढं तरी त्यांना तिथे राहू द्या. पत्ता बदलला की कुटुंब बहुधा दुसऱ्याच हद्दीत जातं, फाईल मागे राहते, आणि नव्या ठिकाणी पहिल्या रात्री तो झोपायला कुठे जातो हे कुणालाच कळत नाही.